आक्काच्या नावावरची रेघ

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत छापखाना होता आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. इंदापुरात कुणी आमचा पत्ता विचारला की लोक सांगायचे, "बाजाराच्या रस्त्यानं जावा, खटखट आइकू येईल तितं थांबा." अण्णा, म्हणजे माझे वडील, उभ्यानं एका पायानं छपाईचं ट्रेडल यंत्र चालवायचे. धडाक-खट, धडाक-खट. त्या ठेक्यावर मागं आईच्या भाकरी थापल्या जायच्या. यंत्र मधेच थांबलं की आईचा हातही परातीवर थांबायचा आणि ती तिथूनच ओरडायची, "काय झालं वो?" शाईचा आणि रॉकेलचा वास आमच्या गोधड्यांना होता, केसांना होता, कदाचित आमटीलाही असेल. पाहुणी आलेली बाई पहिला घास घेताना जराशी थबकायची आणि मग गुमान जेवायची. आम्हाला तो वास कधी आलाच नाही. लग्न होऊन मी बारामतीला आले तेव्हा पहिले आठ दिवस मला जेवण जाईना. सासूबाईंना वाटलं, सून नाजूक दिसते. नाजूक कसली डोंबलाची! घरात रॉकेलचा वास नव्हता, एवढंच.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडं पत्रिकांची गर्दी उसळायची. खिळे जुळवायला धोंडीतात्या होते. शिशाच्या एकेका सुट्या अक्षराला खिळा म्हणतात आणि तात्या ते न बघता खणातून उचलायचे, तोंडात तंबाखू आणि डोळे रस्त्यावर. पण ते खिळे होते जाडजूड. तालुक्याच्या सभेची नोटीस त्यात शोभायची, कारखान्याच्या संचालकांची नावं शोभायची, भावकीतल्या चाळीस जणांची यादीही शोभायची. नवरीचं नाव मात्र त्यात बसवलं की ती तालमीतून उठून आल्यासारखी दिसायची. म्हणून नवरा-नवरीची नावं लिहायची आमची आक्का.

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. नाव विमल, पण विमल तिला फक्त शाळेच्या दाखल्यात म्हणत. तिच्या अक्षराला कुणी शिकवलं नव्हतं. बारीक निबाच्या टाकानं ती लिहायची, आणि तिची शिरोरेघ सरळ नसायचीच. दोन खांबांना बांधलेल्या तारेवर धुणं टाकलं की तार मधे जरा झुकते, तशी ती झुकायची आणि शेवटाला पुन्हा वर वळायची. काने लांब, निमुळते. वेलांट्या अशा की बोटानं उचलून घ्याव्यात. निमगाव केतकीचे एक गृहस्थ लेकीच्या लग्नाची पत्रिका हातात धरून अण्णांना म्हणाले होते, "अण्णा, पोरीचं नाव लई अशक्त दिसतंया. अक्षर जेवत न्हाय का काय?" अण्णा पाय न थांबवता म्हणाले, "आवं, नवरी हाय ती, नांगर न्हाय." पण पुढच्या वर्षी त्याच गृहस्थांनी दुसऱ्या लेकीच्या वेळी आधीच सांगून ठेवलं, "त्या अशक्त अक्षरातच करा."

हे अक्षर छापायचं कसं, तर आक्का जाड कागदावर काळ्या शाईनं नाव दुप्पट मोठं काढायची. तो कागद पुठ्ठ्यात घालून पुण्याच्या एसटीत ड्रायव्हरकडं द्यायचा. पुण्याचा ब्लॉकवाला ते नाव लहान करून जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, तेजाब, म्हणजे ॲसिड, बाकीचा पत्रा खाऊन टाकायचं आणि दोन दिवसांनी परतीच्या गाडीतून लाकडावर ठोकलेला ब्लॉक यायचा. दर लग्नाला कुठं पुण्याला धाडा, म्हणून अण्णांनी डोकं चालवलं. आपल्या तालुक्यात नावं ती किती असणार? सुनीता, मंगल, शोभा, दत्तात्रय, बाळासाहेब. एकदा केलेला ब्लॉक जपून ठेवायचा. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते, एकात मुली, एकात मुलगे. पत्रिका आली की अण्णा एका डब्यातून एक, दुसऱ्यातून एक काढायचे. बऱ्याच जणांची लग्नं आधी आमच्या बिस्किटांच्या डब्यांतून जुळली आणि मग मांडवात लागली. पत्रिकेच्या खालची ती पोरांच्या नावची ओळ असते ना, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!', तीही आक्कानंच लिहिलेली. आत्याची एक, मावशीची एक, काकाची एक. तालुक्यातली बोबडी पोरं कित्येक वर्षं आक्काच्या अक्षरात बोलली.

एक नाव मात्र डब्यात नव्हतं. विमल. तालुक्यात विमला काय कमी होत्या? पण एखाद्या विमलची पत्रिका आली की आक्का टाक खाली ठेवायची. "माझं नाव मी नटवून लिवू व्हय? न्हाय बाई." मग तात्या कुरकुरत शिशाचे खिळे लावायचे. इंदापूर तालुक्यातल्या त्या काळच्या सगळ्या विमला जाड अक्षरात नांदायला गेल्या.

मला आक्काचा हेवा वाटायचा. सरळच सांगते, आता या वयात काय लपवायचं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं, असं आई येताजाता म्हणायची. मी चोरून आक्काचा टाक घ्यायची, रद्दीवर तिची नावं गिरवायची. शिरोरेघ तिच्यासारखी झुकवली की ती झोळीसारखी लोंबायची. आक्काला कळायचं, कारण निब पुसलेला नसायचा. ती रागवायची नाही. ती रागवली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

सणसरचे रंगनाथराव आमच्याकडं आले ते थोरल्या भावाच्या पत्रिकेसाठी. उसाचं घर, माणसं मोकळी. प्रूफ बघायला एकदा आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तात्यांनी तंबाखू थुंकून विचारलं, "काल बघून गेला की प्रूफ. आज काय बघायचं?" रंगनाथराव गडबडले. "न्हाय म्हंजी... रंग बघायचा हुता." तात्या म्हणाले, "प्रूफ काळंच आसतंय." मी आतल्या दाराआड तोंडात पदर कोंबून हसले, म्हणजे ओढणीच, पदर कुठला तेव्हा. जाताना त्यांनी अण्णांना विचारलं, "ही अक्षरं कुणाची वो?" महिन्याभरात त्यांच्या चुलत्यांनी रीतसर मागणी घातली.

गंमत म्हणजे 'रंगनाथ' हा ब्लॉक डब्यात आधीपासून होता, कुठल्याशा दुसऱ्याच रंगनाथाच्या लग्नासाठी लिहिलेला. सुपारी फुटल्यापासून आक्कानं त्या ब्लॉकला हात लावला नाही. अण्णा मुद्दाम म्हणायचे, "तेवढा रंगनाथ दे गं." ही आख्खा डबा उचलून त्यांच्यापुढं ठेवायची आणि आत पळायची.

आता प्रश्न आला विमलचा. अण्णांना वाटलं, आक्का लिहील की, त्यात काय. पण आई उसळली. "सोताच्या लग्नाची पत्रिका पोरगी सोता लिवती का कुठं? सणसरवाली म्हणतील, लई घाई झालीया हिला." आमच्यात रीतही होती. पहिली पत्रिका देवापुढं ठेवेपर्यंत नवरीनं ती बघायचीसुद्धा नाही. अण्णा म्हणाले, "मग शिशात लावू." तेव्हा आक्का पहिल्यांदा बोलली. चुलीपुढं बसली होती, वर न बघता म्हणाली, "त्यांचं नाव नाजूक आणि माझं पैलवानासारखं, शेजारी शेजारी. नगं." चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "शालीला लिवू द्या."

शाली म्हणजे मी. घरात सगळे माझ्याकडं बघायला लागले. रंगनाथच्या शेजारी, त्याच कागदावर, माझं अक्षर. आख्खी सणसरची भावकी बघणार, एका नजरेत कळणार की हे दुसऱ्या हाताचं आहे. आणि तरी खरं सांगते, मी आतून फुलले होते. आक्का परसात मला एवढंच म्हणाली, "रेघ जाड, भरून ठिव. नाव लहान झाल्यावर आपसूक बारीक होती. तेजाब रेघा खातं, ध्यानात ठिव." मी म्हटलं, "व्हय, म्हाईत हाय."

माहीत होतंच. पण मला आक्कासारखं लिहायचं नव्हतं, आक्कापेक्षा भारी लिहायचं होतं. डब्यातल्या ब्लॉकवर तिची रेघ केसाएवढी दिसायची ना, मी मोठ्या कागदावरच केसाएवढी ओढली. चार दिवस, सतरा कागद. शेवटच्या कागदावर वि आणि म यांच्यामधली शिरोरेघ अशी उतरली की माझा मलाच विश्वास बसेना. एवढी तलम रेघ आक्काला कधी जमली नव्हती. तिला रीतीपायी दाखवता येत नव्हतं, ते माझ्या पथ्यावरच पडलं. कागद पुठ्ठ्यात घालून मीच स्टँडवर जाऊन ड्रायव्हरच्या हातात दिला.

ब्लॉक आला, प्रूफ निघालं, तात्यांनी चष्मा लावून बघितलं. "ब्येस हाय की गं पोरी!" म्हणाले. तात्या आयुष्यात कुणाला बेस म्हणाले नव्हते. मी दिवसभर जमिनीवर नव्हते. नावं लाल शाईत, सगळ्यात शेवटी छापायची होती. सकाळी सकाळी अण्णांनी यंत्र सुरू केलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाड्यांनी माणसं पत्रिका घेऊन सुटणार होती, एक सोमेश्वरनगरकडं, एक निमगावला, एक बारामतीला. घरात पाहुणे, अण्णांचं अर्धं लक्ष बाहेर, पायाचा ठेका मात्र चालू. चारशे पत्रिका झाल्या तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. गठ्ठा उचलता उचलता अण्णा थांबले.

पहिल्या वीस-पंचवीस पत्रिका चांगल्या होत्या. त्यानंतरच्या एकूण एक पत्रिकेत वि आणि म यांच्यामधली रेघ गायब. तेजाबानं ती आधीच पोखरली होती, यंत्राच्या दाबाखाली तेवढा तुकडा चेपून गेला. रंगनाथ जसाच्या तसा, आखीव. शेजारी विमल, मधोमध तुटलेली.

तात्या हळूच म्हणाले, "रेघच न्हाय ठिवली पोरीनं त्या जस्ताला." अण्णांनी पत्रिकेवरून नुसता अंगठा फिरवला, आणि तेच जास्त लागलं. आईनं दारातून बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. "तुटक्या नावाची पत्रिका मी देवापुढं ठिवू देणार न्हाय. लेकीचं नावच तुटलंय, काय करू मी!" पाहुण्यांतली एक म्हातारी 'अरे देवा' म्हणाली, आणि ते 'अरे देवा' माझ्या अंगावर आलं. नवीन ब्लॉकला दोन दिवस हवे होते, हातात होती एक दुपार. मी कोपऱ्यात कागदांच्या थप्पीला टेकून उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

तेवढ्यात आक्का आतून आली. रीतभात बाजूला ठेवून तिनं सरळ गठ्ठ्यावरची पत्रिका उचलली. तिच्या चेहऱ्याकडं बघायची माझी छाती होईना. तिनं बघितलं, मला वाटतं बराच वेळ बघितलं. मग आत गेली, लाल शाईची दौत आणि तिचा बारीक निबाचा टाक घेऊन आली. मला वाटलं आता ही बसेल आणि स्वतःच जोडेल. तिनं टाक माझ्या हातात दिला. "तू तोडलीस, तूच जोड."

"मला न्हाय जमायचं, आक्का," मी रडत रडत म्हणाले. ती म्हणाली, "श्वास सोडताना ओढ. धरून ठिवलास तर हात लटलटतो." आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

पहिल्या दहा-बारा पत्रिका मी बरबटवल्या. शाई फुटायची, रेघ जाड यायची, म्हणजे तुटलेल्या जागी गाठ मारल्यासारखी दिसायची. आक्का ती घ्यायची, चटईवर वाळत मांडायची आणि म्हणायची, "हं, दे पुढची." चांगली म्हणायची नाही, वाईटही नाही. माझ्या बोटांना लाल शाई, म्हणून आई येऊन उभ्या उभ्या माझ्या तोंडात पिठलं-भाकरीचा घास कोंबायची आणि नाक ओढत परत जायची. शंभर झाल्या असतील. कधीतरी माझं रडं आटलं. श्वास सुटायचा, निब वि-पासून निघायचा, मधे जरासा झुकायचा आणि म-वर टेकायचा. मी विचारच करत नव्हते. बघितलं तर ती रेघ आक्काची होती. तशीच झुकलेली. मी वर बघितलं. आक्काही त्या रेघेकडंच बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडानं म्हणाली काय, तर "हं, दे पुढची."

दिवेलागणीच्या आधी चारशे पुऱ्या झाल्या. आईनं त्यातली एक देवापुढं ठेवली आणि तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं. त्या दुपारी मी आक्काचं नाव जवळजवळ चारशे वेळा सांधलं, आणि प्रत्येक वेळी ती घरातून थोडी थोडी जात होती, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते पुढच्या लग्नसराईत, जेव्हा अण्णांनी सवयीनं "आक्का, 'वैशाली' लिवायचंय गं" अशी हाक मारली आणि मग ओशाळून माझ्याकडं बघितलं. मी लिहिलं. रेघ भरून ठेवली. तिथून पुढं डब्यात पडलेली नावं माझी, पण कुणाला फरक कळला नाही. पुढं मी बारामतीच्या शाळेत चित्रकला शिकवली, अक्षरावरून मुलांना फार बोलले, तरी माझं स्वतःचं अक्षर कसं असतं हे मला अजून माहीत नाही. माझं म्हणून जे आहे ते आक्काचंच.

आता ही गोष्ट आठवायचं कारण ऋचा. आक्काची नात, पुण्यात डिझाइनचं काम करते. माझ्या कपाटात ते दोन डबे तिला सापडले आणि तिनं ते नेलेच. प्रत्येक ब्लॉकचा ठसा घेऊन त्यातलं एकेक अक्षर सुटं केलं, कॉम्प्युटरवर घासूनपुसून घेतलं. काही अक्षरं मिळेचनात. ढ-चं नाव कोण ठेवतं लेकराला? ती अक्षरं मी लिहून दिली. त्याचा फॉन्ट झाला, नाव 'विमल'. आता बारामतीत बाहेर पडले की मला आमचं अक्षर भेटतं. केकच्या दुकानाच्या पाटीवर, पेरूच्या खोक्यावर, साडीच्या पिशवीवर, फोनवर आलेल्या डोहाळजेवणाच्या आमंत्रणावर. परवा एका उसाच्या ट्रॉलीमागं 'आईचा आशीर्वाद' त्याच अक्षरात. तिथं ते काय वाचता येतंय कप्पाळ! पण मी रस्त्याकडेला उभी राहून ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

ऋचानं हा सगळा खटाटोप केला तो आजीसाठी. आक्काला कंपवात झालाय. टाक सोडा, चहाची बशी धरवत नाही. गेल्या महिन्यात आम्ही सणसरला तिच्या ओसरीवर बसलो होतो. ऋचानं फोनमध्ये फॉन्ट घातला आणि म्हणाली, "आजी, आता बोटानं नुसतं दाब, तुझ्याच अक्षरात उठतंय बघ." आक्काचं बोट थरथरत इकडंतिकडं गेलं, दोनदा चुकलं, शेवटी उठलं: विमल. जन्मात पहिल्यांदा तिचं नाव तिच्या अक्षरात. रेघ अखंड, देखणी, वि-पासून ल-पर्यंत कुठं खोट नाही. सत्तरीला टेकलेली बाई मी, पण त्या क्षणी कोपऱ्यात कागदांच्या थप्पीला टेकूनच उभी होते.

आक्कानं फोन लांब धरला, जवळ धरला. "कुणी लिवलंय हे?"

"तूच की आजी. तुझीच अक्षरं."

"हे माझं नाव न्हाय गं. माझं नाव शालीच्या हातचं हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्या हातचंच बरं हुतं, शाले."

एवढी वर्षं तिनं हे पोटात ठेवलं. मी ओसरीवर सगळ्यांदेखत हमसून रडले. रंगनाथभाऊजींना हल्ली ऐकू येत नाही, ते खुर्चीतून विचारत राहिले, "काय झालं? काय झालं?"

ऋचाच्या भावाचं लग्न आहे. पत्रिका सगळ्यांना फोनवरच जाणार, पण देवाला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना द्यायला पन्नास छापल्या. आक्कानं हट्ट धरला की आजी म्हणून तिचं नाव घालायचं ते तिच्या लग्नातल्या, तिनं ट्रंकेत जपलेल्या जुन्या ब्लॉकचंच. ऋचा म्हणाली, "आजी, तो मधे तुटलाय. थांब, कॉम्प्युटरवर एका मिनिटात जोडते." आक्का म्हणाली, "तुटकाच छाप. शाली बसंल जोडत."

काल बसलो आम्ही दोघी, त्याच ओसरीवर, मधे चटई. लाल शाई ऋचानं आणून दिली, टाक आक्काच्या ट्रंकेतला. पहिली पत्रिका मी पुढं ओढली आणि नकळत श्वास धरून ठेवला. आक्का म्हणाली, "श्वास सोडताना ओढ." ओढली. जरा जाड आली, कडेला शाई फुटली. तिनं ती आपल्या थरथरत्या हातांनी घेतली, चटईवर वाळत मांडली आणि म्हणाली, "हं, दे पुढची."